थांबतांक्षणीं बंद पडणारी मोटार : रोगाचें निदान कसें करावें

गोठ्यांतील बैल आजारी पडला तर तो वैरणीस तोंड लावीत नाहीं, रवंथ करीत नाहीं, कान पाडून उभा राहतो. आणि जाणता शेतकरी त्याच्या नाकपुडीस हात लावून, शेण पाहून, पोटाशीं कान देऊन निम्मा रोग वैद्य येण्यापूर्वींच ओळखतो. तोच शेतकरी दारांतील मोटार घुटमळूं लागली म्हणजे मात्र अगदीं हतबुद्ध होतो, किल्ली मिस्त्रीच्या हातीं देतो आणि तो सांगेल ती रक्कम मोजून मोकळा होतो. मोटार बैलापेक्षां अवघड आहे म्हणून असें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. बैलाकडे पाहण्याची संवय आपणांस पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मोटारीकडे तसें पाहण्यास आपण अद्याप शिकलेलों नाहीं, इतकेंच.

गेल्या हंगामांत आमच्या घरीं या अज्ञानाची चांगलीच किंमत मोजावी लागली. ती हकीकत, आणि तींतून आम्ही जें शिकलों तें, अशीं दोन्ही या मासिकाच्या वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. आम्ही यंत्रशास्त्री नव्हे. आमचें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. परंतु वहिवाटीचा तंटा तपासतांना जी शिस्त लागते, म्हणजे आधीं पंचनामा, मग चौकशी, आणि सर्वांशेवटीं निर्णय, तीच शिस्त यंत्रासही लागू पडते असा आम्हांस अनुभव आला.

घडलेली हकीकत

आमचें कबनूर गांव हातकणंगले तालुक्यांत, इचलकरंजीस अगदीं लागून आहे. एकीकडे मागांची खडखड आणि दुसरीकडे पंचगंगेच्या खोऱ्यांतील ऊस, असा हा मुलूख. गाळपाचा हंगाम सुरू झाला कीं उसानें भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या यांची रस्त्यावर रीघ लागते, आणि चार मैल जावयाचें तर दहा ठिकाणीं थांबावें लागतें. अशा रस्त्यावर जी मोटार धांवते बरी, पण थांबली कीं बंद पडते, ती बाळगणें म्हणजे रोजचें संकटच.

आमच्या धाकट्या बंधूंची पेट्रोलवर चालणारी, बारा वर्षांची जुनी मोटार आहे. आमच्या मातुःश्रींस दर आठवड्यास औषधोपचारासाठीं मिरजेस न्यावें लागतें, आणि गाडी बहुधा आमची पुतणी चालविते. दिवाळीनंतर ही गाडी थांबल्या जागीं थरथरूं लागली. धांवतांना कांहीं तक्रार नसे. परंतु चौकांत किंवा एखाद्या ट्रॉलीमागें थांबावें लागलें कीं इंजिन दोन आचके देई आणि बंद पडे.

पहिल्या मिस्त्रीनें प्लग बदलले. दुसऱ्यानें पेट्रोलचा पंप बदलला. तिसऱ्यानें एक सेन्सर बदलला आणि ‘आतां वर्षभर पाहूं नका’ असें सांगितलें. या तिघांस मिळून बावीस हजार रुपये दिले आणि गाडी होती तशीच राहिली. गांवांतील मंडळींचें मत मात्र एकच पडलें : ‘हा सगळा पेट्रोलांतल्या इथेनॉलचा प्रताप.’ आम्हीही त्यांतलेच. आपल्याच उसाचा रस, आपल्याच कारखान्याची मळी, आणि तिचाच अर्क आपल्या गाडीच्या घशांत अडकला, असें म्हणून आम्ही चारचौघांत हंसूनही घेतलें.

पौष महिन्यांत एके सायंकाळीं मिरजेहून परततांना हातकणंगल्याजवळ पुढील ट्रॉली एकाएकीं थांबली. पुतणीनें ब्रेक दाबला, इंजिन बंद पडलें, आणि तिनें दुसऱ्यांदा पाय दिला तों ब्रेकचा पेडल दगडासारखा घट्ट! गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर कशीबशी उभी राहिली. मागील आसनावर मातुःश्री बसलेल्या होत्या. ही तक्रार आतां खर्चाची राहिली नसून जिवाची झाली आहे, हें त्या रात्रीं आमच्या लक्षांत आलें.

मंद गतीस इंजिन नाजूक कां होतें

निदानाकडे वळण्यापूर्वीं इंजिनाचा धर्म समजून घेतला पाहिजे. ओटो नांवाच्या जर्मन गृहस्थानें १८७६ सालीं जें चार धक्क्यांचें इंजिन सिद्ध केलें, त्याच तत्त्वावर आजचीं पेट्रोलचीं इंजिनें चालतात. दट्ट्या खालीं जातांना हवा व इंधन आंत ओढतो, वर येतांना तें दाबतो, मग ठिणगी पडून स्फोट होतो व दट्ट्या खालीं लोटला जातो, आणि शेवटीं धूर बाहेर टाकला जातो. दर दोन फेऱ्यांस प्रत्येक सिलिंडरांत एकदां स्फोट होतो. उभ्या गाडीचें इंजिन मिनिटास साधारणतः ७०० ते ९०० फेरे घेतें. ८०० फेरे धरले तर प्रत्येक सिलिंडरांत मिनिटास ४०० स्फोट होतात. तीन सिलिंडरांच्या गाडींत एक सिलिंडर रुसला तर तिसरा हिस्सा बळ गेलें म्हणून समजावें.

ॲक्सिलरेटरवरील पाय काढला कीं हवेच्या वाटेवरील झडप, जिला थ्रॉटल म्हणतात, ती जवळ जवळ मिटते. दट्टे तर ओढीतच असतात. त्यामुळें झडपेच्या आंतील नळीमध्यें, जिला मिस्त्री मॅनिफोल्ड म्हणतात, हवा विरळ होऊन तेथें बाहेरच्या दाबाच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याइतकाच दाब उरतो. अशा वेळीं इंजिन अगदीं थोड्या हवेवर आणि थोड्या इंधनावर कसेंबसें आपलें आपण फिरत असतें. पेट्रोल नीट जळावयास एक किलो पेट्रोलमागें सुमारें १४.७ किलो हवा लागते. हें प्रमाण बिघडलें कीं ज्वलन बिघडलें.

विहिरीवरील पंपाची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. सक्शन पाइपास सुईएवढें भोंक पडलें तरी पंप पाण्याऐवजीं हवा ओढतो आणि धार तुटते. मोटारीच्या मॅनिफोल्डचेंही तसेंच आहे. एखाद्या रबरी नळीस चीर पडली तर बिनमोजलेली हवा आंत शिरते. गाडी वेगांत असतां झडप उघडी असते, हवेचा लोंढा मोठा असतो, आणि त्या लोंढ्यांत ही चोरहवा कोणाच्या गणतींत येत नाहीं. परंतु गाडी थांबली, लोंढा आटला, म्हणजे तीच चोरहवा एकंदर हवेचा मोठा हिस्सा होऊन बसते. मोठ्या पाटास पडलेलें उंदराचें भोंक पूर असतां दिसत नाहीं, पण पाणी कमी झालें कीं शेवटच्या वाफ्यास थेंब पोंचत नाहीं, तसाच हा प्रकार. म्हणून जी गाडी धांवतांना चांगली आणि थांबतांना वाईट, तिच्यांत प्रथम हवेचा व मंद गतीच्या व्यवस्थेचा संशय घ्यावा. जी गाडी थांबतांना चांगली पण चढावर किंवा ओझ्याखालीं दम सोडते, तिच्यांत प्रथम इंधनाच्या पुरवठ्याचा संशय घ्यावा. हा एक भेद मनांत ठेवला असता तर आमच्या बंधूंचा पंपाचा खर्च वांचला असता.

आधीं पंचनामा

मिस्त्रीकडे जाण्यापूर्वीं एक वही घ्यावी आणि आठ दिवस पुढील गोष्टींची नोंद ठेवावी.

इंजिन थंड असतां त्रास होतो कीं तापल्यावर? गार हवेचें यंत्र किंवा पुढचे दिवे लावले असतां वाढतो काय? सुकाणूं पुरतें वळविलें असतां होतो काय? पेट्रोल भरल्यानंतर लागलींच होतो काय? पावसानें भिजल्यावर किंवा गाडी धुतल्यावर होतो काय? थरथर एकसारख्या तालांत आहे कीं अनियमित? आणि शेवटचा प्रश्न, जो आम्हांस कोणींच विचारला नाहीं : गाडी थांबल्यामुळें इंजिन बंद पडतें, कीं ब्रेक दाबल्यामुळें?

समोरच्या फळीवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागत असेल तर तीही नोंद करावी. अलीकडच्या गाड्यांमध्यें संगणक असतो व तो दोषांचे आकडे सांठवितो. मिस्त्री स्कॅनर लावून ते वाचतो. पी-०३०० म्हणजे स्फोट चुकत आहेत, पी-०१७१ म्हणजे मिश्रणांत हवा जास्त व इंधन कमी आहे, पी-०५०५ म्हणजे मंद गतीच्या व्यवस्थेंत बिघाड आहे, असे त्यांचे अर्थ असतात. मात्र हा आकडा तक्रारअर्जासारखा समजावा. तक्रारअर्जांत ज्याचें नांव आहे तो गुन्हेगारच असें जसें कोणी कारकून धरून चालत नाहीं, तसेंच ‘हवा जास्त’ असा आकडा आला म्हणून हवेचा सेन्सरच बदलावयाचा, असें होऊं देऊं नये. सेन्सर खरें बोलत असेल आणि चीर नळीस पडली असेल. ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण अशाच उपचारांस लागू आहे.

तपासणीचा क्रम

तपासणी नेहमीं अल्पखर्चाकडून बहुखर्चाकडे करीत जावी. आमच्या मतें क्रम असा ठेवावा.

१. हवेची वाट. एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरावा. आपल्याकडील मळीच्या वाटांवर धूळ फार. धुळीनें गच्च झालेला फिल्टर बदलावा. त्यानंतर थ्रॉटलची झडप पाहावी. तिच्या कडेस काळें किटण धरतें आणि मंद गतीस लागणारी अरुंद फट बुजून जाते. थांबतांना बंद पडणाऱ्या पुष्कळ गाड्यांचा रोग येथेंच सांपडतो व नुसत्या सफाईनें बरा होतो. तिच्या शेजारीं मंद गतीची हवा सोडणारा निराळा व्हॉल्व्ह असेल तर तोही साफ करावा. ज्या गाड्यांत झडप विजेवर चालते तेथें किल्ली चालू ठेवून झडपेंत बोट घालूं नये; आणि सफाईनंतर कांहीं गाड्यांच्या संगणकास मंद गति पुन्हां शिकवावी लागते, हें मिस्त्रीस विचारून घ्यावें.

२. चोरवाटा. इंजिन चालू ठेवून, पट्टा व पंखा यांपासून हात, पदर व उपरणें दूर ठेवून, मॅनिफोल्डला जोडलेल्या सर्व रबरी नळ्या पाहाव्या. हातभर रबरी नळीचें एक टोंक कानाशीं धरून दुसरें सांध्यांवरून फिरविलें तर ‘सूं’ असा आवाज कोठून येतो तें कळतें. कित्येक गाड्यांत चोरहवेनें इंजिन लटपटतें, तर कांहीं गाड्यांत उलट त्याची गति आपोआप चढते. म्हणून दोन्ही लक्षणें ध्यानांत ठेवावीं. ज्वालाग्राही द्रव फवारून चीर शोधण्याची कित्येकांची रीत आहे. तापलेल्या इंजिनावर ती आगीस आमंत्रण देणारी असल्यानें घरीं कोणीं करूं नये. पेट्रोल भरल्यानंतर लागलींच गाडी बंद पडत असेल तर टांकींतील वाफ इंजिनाकडे सोडणारा व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे काय, हें पाहावें.

३. ठिणगी. प्लग काढून त्याचें तोंड पाहणें म्हणजे रोग्याची जीभ पाहणेंच होय. फिकट तपकिरी किंवा राखी रंग निरोगी समजावा. कोरडी काळी काजळी असल्यास इंधन अधिक. तेलकट असल्यास इंजिन तेल खात आहे. पेट्रोलनें ओला असल्यास त्या सिलिंडरांत ठिणगीच पडत नाहीं. पांढराफटक असल्यास उष्णता फार किंवा इंधन अपुरें. थरथर ठराविक तालांत येत असेल तर एखादाच सिलिंडर चुकत असण्याचा संभव फार असतो. चालू इंजिनाची प्लगची तार हातानें ओढून पाहण्याची जुनी रीत सोडून द्यावी. त्या तारेंत हजारों व्होल्टांचा दाब असतो, आणि नव्या गाड्यांचे कॉइल त्यामुळें जळतात. ऊस तुटल्यावर शेतांतील उंदीर आसरा शोधीत घराकडे येतात आणि गाडीच्या उबदार इंजिनांत शिरून तारा कुरतडतात; तीही पाहणी करावी.

४. इंधन. टांकींत पाणी शिरलें आहे अशी शंका असल्यास, थंड गाडीचें थोडें पेट्रोल मिस्त्रीकडून कांचेच्या बाटलींत काढवून तासभर स्वस्थ ठेवावें. तळाशीं निराळा थर दिसल्यास टांकी साफ करावी. २००५, २०१९ व २०२१ सालच्या महापुरांत पंचगंगेकांठच्या कित्येक गाड्या पाण्यांत राहिल्या. अशी गाडी जुन्या बाजारांतून घेतली असल्यास ही परीक्षा अवश्य करावी. पंपावर शंका आल्यास गाळणकागदाची परीक्षा व पांच लिटरचें माप मागण्याचा ग्राहकास हक्क आहे. इंधनाचा पंप बदलण्यापूर्वीं मात्र त्याचा दाब मापकानें मोजून दाखविण्यास मिस्त्रीस सांगावें. मोजल्यावांचून बदल नाहीं, हा नियम करावा.

५. वीज. इंजिन बंद असतां चांगल्या भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असतां बहुधा १३.८ ते १४.५ व्होल्ट असावा. दाब याहून फार कमी असेल, अथवा बॅटरीचीं टोंकें गंजलीं असतील, तर दिवे लावतांच इंजिन घुटमळतें. टोंकें साफ करणें हा फुकटचा उपाय होय. बॅटरी नुकतीच बदलली असेल तर संगणकाची आठवण पुसली जाऊन पहिले कांहीं मैल इंजिन कांहींसें लटपटतें. त्यास रोग समजूं नये.

६. अंगची ताकद. वरील सर्व ठीक असूनही तक्रार राहिली तरच सिलिंडरांचा दाब मोजावा व व्हॉल्व्हचें अंतर तपासावें. येथें इंजिन उघडण्याचा प्रश्न येतो. म्हणून ही पायरी शेवटची.

ज्यांच्या दारीं अद्याप कार्बोरेटरची जुनी गाडी आहे, उदाहरणार्थ १९८३ सालच्या डिसेंबरांत प्रथम निघालेली मारुति ८०० किंवा तिच्याही आधींची पद्मिनी, त्यांनीं कार्बोरेटरांतील मंद गतीचें बारीक भोंक, ज्यास स्लो जेट म्हणतात, तें प्रथम साफ करून घ्यावें. केसाएवढ्या कचऱ्यानें तें बुजतें आणि गाडी नेमकी थांबतांना बंद पडते. डिझेलच्या जीपगाडीस व ट्रॅक्टरास प्लगची ठिणगी नसते. त्यांचें इंजिन थांबतांना बंद पडत असेल तर डिझेलचा फिल्टर तुंबला आहे काय आणि पुरवठ्याच्या नळींत हवा शिरली आहे काय, हें आधीं पाहावें.

इथेनॉलचा दोष किती

आपण ऊस पिकविणारे. तेव्हां या आरोपाचा निवाडा निःपक्षपातानें करणें आपणांस उचित आहे. महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पेट्रोलमध्यें ५ टक्के इथेनॉल मिसळण्यास २००३ सालीं आरंभ झाला. देशांत १० टक्क्यांची मजल २०२२ सालीं गांठली गेली, २० टक्के मिश्रणाची विक्री २०२३ सालीं सुरू झाली आणि २०२५ सालीं सरासरी मिश्रण २० टक्क्यांवर पोंचलें.

इथेनॉलमध्यें त्याच मापाच्या पेट्रोलच्या सुमारें दोन तृतीयांश उष्णता असते; म्हणून वीस टक्के मिश्रणांत एकंदर उष्णता सहा-सात टक्क्यांनीं कमी भरते व मैलांत थोडी घट येते, हें खरें. इथेनॉलच्या अंगांत ऑक्सिजन असल्यामुळें त्यास हवाही कमी लागते : एक किलोस सुमारें ९ किलो. नव्या गाडींतील ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखून इंधन वाढवून घेतो. कार्बोरेटरच्या गाडीस ती बुद्धि नसते, म्हणून तिच्यांत मिश्रण पातळ पडून मंद गति डळमळूं शकते. इथेनॉल पाण्याचा मित्र आहे; थोडें पाणी तो पोटांत घेतो, पण मर्यादा ओलांडली कीं दोघे मिळून तळाशीं बसतात आणि पंप नेमका तोच थर ओढतो. म्हणून महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी अर्ध्या टांकीनें ठेवूं नये. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्या वीस टक्के मिश्रण सोसणाऱ्या सामग्रीच्या असतात. त्यापूर्वींच्या गाड्यांचे रबरी भाग अधिक वेळां पाहत जावे.

इतके दोष पदरीं घालूनही एक गोष्ट उरते. इंधनच वाईट असेल तर तें चढावर, वेगांत आणि थांबतांना, सर्वत्र कमीअधिक त्रास देईल. आणि त्याच पंपावर पेट्रोल भरणाऱ्या शेजाऱ्यांच्या गाड्याही अडतील. आमच्या गल्लींतील दुसरी एकही गाडी अडत नव्हती. हें ध्यानांत येतांच आमचा इथेनॉलवरील आरोप लटका पडला, आणि चारचौघांत केलेल्या थट्टेबद्दल आम्हांस मनांतून लाज वाटली.

रोग कोठें सांपडला

पंचनाम्याची वही पुतणीनें आठ दिवस लिहिली. परंतु खरी साक्ष मिळाली ती मागील आसनावरून. आमच्या मातुःश्रींस अक्षरओळख नाहीं, पण उभें आयुष्य गाडीबैलांत गेलें. त्या एके दिवशीं नातीस म्हणाल्या, “आगं, तू बिरेकवर पाय दिलास कीं मगच ती उचकी देतीया बघ. नुसती थांबली तर न्हाई देत.”

दुसऱ्या दिवशीं खळ्याच्या सपाट जागेंत गाडी आणून परीक्षा केली. गाडी गिअरमधून काढून, ब्रेकला पाय न लावतां आपोआप थांबूं दिली. इंजिन संथ चालत राहिलें. मग जागच्या जागीं ब्रेकचा पेडल दाबून धरला. इंजिन लागलींच लटपटलें आणि पायापाशीं ‘सूं’ असा बारीक आवाज ऐकूं आला. पाय काढला, इंजिन सांवरलें. तीनदां केलें, तीनदां तेंच झालें.

याचा अर्थ असा. ब्रेक दाबण्यास पायाचें बळ पुरत नाहीं म्हणून बहुतेक मोटारींत एक गोल डबा बसविलेला असतो. त्यास बूस्टर म्हणतात. पेट्रोलच्या गाडींत त्यास लागणारी ओढ मॅनिफोल्डमधूनच मिळते. डब्याच्या मध्यें रबरी पडदा असतो. पेडल दाबला कीं पडद्याच्या एका अंगास बाहेरची हवा येते, दुसऱ्या अंगास ओढ असते, आणि त्या फरकानें ब्रेकला जोर मिळतो. पडदा फाटला तर ती हवा फाटेंतून सरळ इंजिनांत शिरते व मंद गतीचें इंजिन गुदमरतें. इंजिन बंद पडलें कीं ओढ संपते आणि ब्रेकचा आधारही जातो. हातकणंगल्याजवळ दुसऱ्यांदा पेडल दगडासारखा लागला तो यामुळें. पेडल जरा जड लागतो हें पुतणीस महिनाभर जाणवत होतें. पण गाडी जुनी म्हणून तिनें तें कोणास सांगितलें नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं.

नवा बूस्टर कोल्हापुरास बसवून घेतला. आधींच्या तीन दुरुस्त्यांच्या चौथाई रकमेंत काम झालें, आणि गाडी त्या दिवसापासून एकदांही अडलेली नाहीं.

ही परीक्षा घरोघर व्हावी. इंजिन बंद असतां पेडल चारपांच वेळां दाबून घट्ट करावा, तसाच दाबून धरावा आणि इंजिन चालू करावें. पेडल थोडा खालीं गेला पाहिजे. न गेल्यास ओढ पोंचत नाहीं. मग इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावें, दोन मिनिटें थांबून पेडल दाबावा. पहिला दाब मऊ व पुढचे क्रमानें घट्ट लागले पाहिजेत. पहिलाच दाब घट्ट लागला तर बूस्टर गळका आहे. यास खर्च कांहीं नाहीं व वेळ पांच मिनिटें लागतो.

वाटेंत बंद पडल्यास

चालत्या गाडीचें इंजिन बंद पडल्यास ब्रेक पुनःपुन्हां मारूं नये. निरोगी बूस्टरमध्यें एकदोन दाबांपुरतीच ओढ शिल्लक असते; म्हणून एकदांच, खंबीरपणें आणि शेवटपर्यंत दाबून गाडी कडेस घ्यावी. सुकाणूं जड होतें, तें दोन्ही हातांनीं वळवावें. गाडी हालत असतां किल्ली पुरती फिरवून काढूं नये, सुकाणूं अडकण्याचें भय असतें. धोक्याचे दिवे लावून माणसें आधीं खालीं उतरवावीं, रस्त्यापासून दूर उभीं करावीं, आणि मगच इंजिनाचें टोपण उघडावें. तपासणी करतांना बंद खोलींत किंवा दार लावलेल्या गोठ्यांत इंजिन चालू ठेवूं नये; त्याच्या धुरांतील विषारी वायूस रंग नाहीं व वास नाहीं.

मिस्त्री लोकांविषयीं आमचा आकस नाहीं. रोगी बोलूं शकत नाहीं आणि धनी कांहीं सांगत नाहीं, अशा स्थितींत ते अंदाजानें सुटे भाग बदलतात, यांत धन्याचाही अर्धा अपराध आहे. म्हणून आम्ही आतां गाडी दुरुस्तीस देतांना चिठ्ठी लिहून देतों : केव्हां बंद पडते, केव्हां पडत नाहीं, काय आधींच बदललें आहे. काढलेला जुना भाग परत मागतों, आणि तो कां काढला हें विचारतों. चांगला मिस्त्री अशा चिठ्ठीनें रागावत नाहीं, उलट त्याचें काम हलकें होतें. वाचक बंधूंनींही गाळप सुरू होण्यापूर्वीं एक दिवस काढून आपल्या गाडीची वही उघडावी. आणि मागील आसनावर जें वडील माणूस बसतें, त्याचीही साक्ष नोंदवून घ्यावी, अशी आमची विनंति आहे.